क्रीडावैद्य व्हायचंय? आधी कोचचा हजेरीपट मागा

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी कॉलेजांतली पोरं इंटर्नशिप संपत आली की भेटायला येतात. प्रश्न ठरलेला : 'सर, स्पोर्ट्स मेडिसिन घेऊ का?' निम्म्यांच्या डोळ्यांसमोर जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम असतं. तिथल्या डगआउटपर्यंत पोचणारे थोडेच. बाकीच्यांचं काम मानकापूरच्या क्रीडा संकुलात, कामठीच्या फुटबॉल मैदानावर नाहीतर कबड्डीच्या मॅटच्या कडेला चालतं. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

डिग्रीचं आधी उरकतो. एमबीबीएसनंतर नीट-पीजी देऊन तीन वर्षांचं स्पोर्ट्स मेडिसिनचं एमडी करता येतं. जागा मोजक्याच. इंफाळचं रिम्स, दिल्लीचं सफदरजंग अशी नावं काउन्सेलिंगच्या यादीत शोधावी लागतात, तेव्हा घर सोडायची तयारी ठेवा. माझ्या आधीच्या पिढीतले अनेक जण पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून डिप्लोमा करून आले. दुसरी वाट ऑर्थोची : एमएस आणि मग आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे सांध्यात दुर्बीण घालून ऑपरेशन करण्याची फेलोशिप. पाटीवर दोघंही 'स्पोर्ट्स मेडिसिन' लिहितात, पण एक गुडघ्यात दुर्बीण घालतो आणि दुसरा तो गुडघा दुर्बिणीपर्यंत जाऊच नये म्हणून धडपडतो.

फेलोशिप म्हटलं की कान टवकारा. ती वर्षभराची असू शकते, दोन शनिवार-रविवारचीही. फिफाचा फुटबॉल मेडिसिनचा ऑनलाइन डिप्लोमा फुकट आहे आणि अभ्यास म्हणून उत्तम आहे. पण त्याच्या जोरावर कुणी स्वतःला तज्ज्ञ म्हणवायला लागलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची कोणती पदव्युत्तर पदवी नोंदलेली आहे, एवढंच बघा.

आता संशोधन. पीजीला गेलात की आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतल्या एनआयई संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स करावाच लागतो, थीसिसही चुकत नाही. मुलं तिथे मोठमोठे विषय घेऊन येतात : जनुकं, प्लाझ्मा इंजेक्शनं, काय काय. मी म्हणतो, बाबा, आधी आपल्या मैदानावर किती जण जखमी होतात ते तरी मोज.

मोजायचं कसं, तर नुसत्या जखमा मोजून भागत नाही, खेळाचे तासही लागतात. समजा २० खेळाडू, रोज दीड तास सराव, महिन्यात २० दिवस. झाले ६०० तास. तेवढ्यात तिघांना सराव सोडावा लागेल अशी दुखापत झाली, तर दर १००० तासांना ५. हा आकडा हाती आला की नागपूरचा संघ इतर ठिकाणच्या संघांशी ताडून बघता येतो. तासांचा हिशेब कुठून आणायचा? कोचच्या हजेरीपटातून. चहाचे डाग पडलेला, कोपरे दुमडलेला तो रजिस्टर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाचा असतो, कारण कोण आलं नाही यावर कोचचा कडक डोळा असतो. मात्र खेळाडू १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही घ्या. एथिक्स कमिटीच्या परवानगीचा कागदही हाती येऊ द्या, मगच नोंद सुरू करा.

या आकड्यांचं काय करायचं, ते कबड्डीच्या एका रेडरनं दाखवलं. चढाई करताना पाय रोवला गेला आणि गुडघा वळला. कट् असा आवाज त्यानं स्वतः ऐकला. दोन तासांत गुडघा टम्म. मी तो जरासा वाकवून नडगी पुढे ओढली. शेवटी जो घट्ट अटकाव लागायला हवा तो लागलाच नाही. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला बंध, गेलेला. पोरगा म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, परवा सेमी आहे, पट्टी बांधून द्या न.' ऑपरेशननंतरही किमान नऊ महिने थांब, हे त्याच्या वडिलांना सांगताना माझ्याकडे आधार होता. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका साधारण निम्म्यानं घटला, असं २०१६ साली ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी दाखवलं. कुणीतरी खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला म्हणून मला त्या बापाशी ठामपणे बोलता आलं.

डोपिंगचे नियम पाठच हवेत. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची बंदी असलेल्या औषधांची यादी दर १ जानेवारीला बदलते. २०२२ पासून स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंदीत येतं, सांध्यात दिलेलंसुद्धा. ओपीडीत आपण सहज टोचून मोकळे होतो. खेळाडूला मात्र त्याची किंमत बंदीनं मोजावी लागू शकते.

आणि नागपूरचा मे महिना. सराव करताना कुणी बरळायला लागला आणि गुदाशयातलं तापमान ४० अंशांच्या वर असेल, तर अँब्युलन्सची वाट बघत सावलीत बसवू नका. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बुडवा, गार करा, मग हलवा. काखेतल्या थर्मामीटरवर इथे विसंबू नये, तो कमीच दाखवतो. स्पर्धेच्या आयोजकांकडे मी सर्टिफिकेटांच्या टेबलाआधी टाकी आणि बर्फाच्या लाद्या मागतो. कुणाला ते आवडत नाही, तरी मागतो.

पोटापाण्याचं म्हणाल, तर नुसत्या खेळाडूंवर दवाखाना चालत नाही. माझ्याकडे येणारे बरेचसे अंबाझरी तलावावर सकाळी फिरणारे, नव्यानं पळायला लागलेले बँकवाले आणि शुगर असलेली मंडळी. त्यांना व्यायाम लिहून देणं हेही याच शाखेचं काम आहे, आणि घरभाडं त्यातूनच निघतं.