संग्रहालयात काम करायचंय? आधी एक पाटी लिहून बघा

पोर्टफोलिओचे, म्हणजे नोकरीसाठी आपल्या कामाचे नमुने जमवायचे दिवस आले की कुणीतरी विचारतंच, "ताई, डिझाइन शिकतेय, पण मला म्युझियममध्ये काम करायचंय. काय करू?" मी उलट विचारते, शेवटचं संग्रहालय कधी बघितलंस? बहुतेकांचं उत्तर शाळेच्या सहलीपाशी येऊन थांबतं. माझंही तिथेच थांबायचं. आमची सहल औंधला गेली होती. यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. आम्ही साठ पोरं त्याच्यासमोरून रांगेने गेलो आणि एकानेही मान वळवली नाही, कारण डबे उघडायची वेळ झाली होती. त्या साठांतल्या चौघांना तरी तिथे थांबवायचं, एवढ्याच कामाचे मला आज पैसे मिळतात.

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका छोट्या संग्रहालयात उमेदवारीला गेले. डोक्यात टचस्क्रीन आणि भिंतभर प्रोजेक्शन. हातात आली नोंदवही आणि पेन्सिल. पेन का नको, असं विचारल्यावर अभिरक्षक, म्हणजे संग्रहातल्या वस्तू सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "शाईचा डाग पडला तर वस्तू बदलून मिळत नाही." सहा आठवडे मी स्टोअरमध्ये बसून अडकित्ते मोजले. लांबी, रुंदी, नोंदणी क्रमांक, बाजूला पट्टी ठेवून फोटो. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण चाळीसेक अडकित्ते हाताळल्यावर कळलं की प्रत्येकाचा भार वेगळ्या जागी असतो. मी मोठ्या हौसेने एका मोराच्या अडकित्त्यासाठी स्टँड काढला होता. त्याचा खिळा सैल होता आणि माझा स्टँड नेमका त्याच जागी सगळं वजन घेत होता. वस्तू हातात न घेता काढलेलं ड्रॉइंग किती भाबडं असतं, ते तेव्हा समजलं.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला एक शोकेस दिलं. मी जीव ओतला. फिकट राखाडीवर गडद राखाडी अक्षरं, आकार दहा पॉइंट, म्हणजे पुस्तकातल्या अक्षराएवढा, वस्तूची माहिती देणारी पाटी अगदी खाली, म्हणजे वस्तूला अडथळा नको. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. वाकल्या, आणखी वाकल्या, कपाळ काचेला टेकलं. "बाळा, वाच गं काय लिहिलंय." मी वाचलं, "अडकित्ता. पितळ. एकोणिसावे शतक." आजी म्हणाल्या, "ते दिसतंय गं. पण यात सुपारी धरायची कुठे?"

मला सांगता आलं नाही. चाळीस अडकित्ते मोजले होते आणि एकातही सुपारी धरून बघितली नव्हती. बाईंकडे गेले, विचारलं, पाटी पुन्हा लिहिली. अक्षर चोवीस पॉइंट केलं, पाटी काचेमागे तिरकी आणि कमरेच्या वर आणली, आणि पहिलं वाक्य सुपारी धरायच्या जागेबद्दल लिहिलं.

म्हणून नव्यांना माझं सांगणं असतं, घरातली एक वस्तू घ्या, पाटा घ्या किंवा शेवयांचा सोऱ्या, आणि तिची पन्नास शब्दांची मराठी पाटी करा. कागदावर छापून भिंतीला चिकटवा, दोन पावलं मागे उभे राहा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचायला लावा. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

मराठी पाटीची दुखणी कॉलेजात कुणी फारशी शिकवत नाही. आपल्या अक्षरांवर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर जसंच्या तसं वापरलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की चांगल्या फॉन्टमध्ये ती अक्षरं बदलतात, आणि हे ठाऊक नसलेले अनुभवी डिझायनर मी पाहिलेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट फुकट मिळतो, सुरुवातीला तो पुरे. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आला तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग प्रत्येक जोडाक्षर डोळ्याखालून घाला. आणि हात जोडून विनंती, इंग्रजी पाटीवरून मराठी पाटी करू नका. "सदर शिल्प हे" असं सुरू झालं की माणूस पुढच्या काचेकडे सरकतो.

दुसरा धडा सामानाचा. एका प्रदर्शनासाठी आम्ही एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची शोकेसं करून घेतली होती, रंग ओला असतानाच गाडीत चढवली. वस्तू खराब होऊ नयेत हे बघणारे संवर्धक आले, वास घेतला आणि म्हणाले, यात वस्तू जाणार नाहीत. एमडीएफ आणि प्लायमधून आम्लाची वाफ निघत राहते, बंद काचेत ती साचते आणि शिशासारखा धातू खाते. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि तो लोकरीच्या अस्तरातूनही येतो. कागद, पैठणी, जलरंग यांना प्रकाश साधारण पन्नास लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं माप) आत लागतो, तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतो. पन्नास लक्स म्हणजे अंधारच वाटतो. मग डोळ्यांना सवय व्हावी म्हणून त्याआधीच्या दालनाचा प्रकाश हळूहळू उतरवत आणायचा, ते मात्र डिझायनरचं काम. लक्स मोजायचं मीटर विकत घ्या. फोनवरचं ॲप अंदाजापुरतं.

शिक्षणाचं थोडक्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, प्रदर्शन डिझाइनसाठी अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. सरकारी अभिरक्षकाच्या जागा थोड्या, त्या निघाल्या तरी इतिहास, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्राची पदवी मागतात. नुसत्या डिझाइनच्या पदवीवर त्यांची वाट बघत बसू नका. आपल्याला काम मिळतं ते बहुधा प्रदर्शनं उभारणाऱ्या स्टुडिओत. तिथे पहिलं वर्ष टेंडरची कागदपत्रं आणि सामानाच्या याद्या करण्यात जातं. सुताराशी नीट बोलता आलं तर तुमची किंमत दुप्पट. खासगी गॅलरीचं जग वेगळं, तिथे चित्र विकायचं असतं. कॅटलॉग, पॅकिंग, टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात.

बघायला मात्र लगेच सुरुवात करा. मुंबईत काळा घोडा परिसरात एका दिवसात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आणि जहांगीर कलादालन पायी होतात. वस्तू बघू नका, माणसं बघा. कोण कुठे थांबलं, पाटी आधी वाचली की वस्तू आधी बघितली, बसायला जागा शोधत कोण फिरतंय. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. तिथे लहान मुलांची उंची आणि काचेची उंची यांचा हिशोब करत बसा. पुण्यात केळकर संग्रहालय. वीसेक हजार वस्तू जमवून एकटा माणूस काय उभं करू शकतो ते तिथे दिसतं. पुस्तकी नियमांनी दालनांत दाटी आहे म्हणाल, पण दिवे, वज्री, फण्या अशा रांगेने बघताना मला आजीचं फडताळ उघडल्यासारखं वाटतं. ते मोकळं करायचं काम मला कुणी दिलं तर मी घेणार नाही.

पोर्टफोलिओत मी पुढे लोगो वगैरे सगळं काढून टाकलं. त्या शोकेसचं एक पान ठेवलं, डावीकडे राखाडी पाटी, उजवीकडे सुपारीवाली, खाली आजींचा प्रश्न. मुलाखतीत बाकीची पानं भराभर उलटली गेली आणि या पानावर वीस मिनिटं गेली. सुपारी नेमकी कुठे धरतात, हेही त्यांनी विचारलंच. मग मुलाखत घेणारे म्हणाले, सोमवारी या. मी विचारलं, सोमवारी तर संग्रहालय बंद असतं ना? "म्हणूनच," ते म्हणाले, "शोकेसं तेव्हाच उघडता येतात."