दोन नावांमधला ‘ऑर’

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत मी आणि माझ्या जोडीदाराने निम्मे निम्मे पैसे घालून जुनी होंडा घेतली. लग्न केलेलं नाही, पण टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, दोघांची नावं होती, म्हणून मी निर्धास्त. दिवाळीला नाशिकला आले तेव्हा मामाने कागदाचा फोटो मोबाइलवर ताणून ताणून पाहिला. पेठ रोडच्या आरटीओबाहेर लोकांचे फॉर्म भरण्यात त्याचं आयुष्य गेलंय. “अगं, दोन नावांच्या मधे हे काय लिहिलंय?”

‘ऑर’ लिहिलं होतं. कॅलिफोर्नियात ‘ऑर’ असलं की दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीवर गाडी विकू शकतो. ‘अँड’ असलं की दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे भांडण झालं की तो (खरं तर मीसुद्धा) गाडी परस्पर विकून मोकळा!

परत गेल्यावर दोघांच्या सह्यांनी नवं टायटल करून घेतलं. मधे ‘अँड’, पुढे ‘जेटीआरएस’, म्हणजे एक जण गेला तर गाडी दुसऱ्याची. शिवाय कुणी किती घातले, वेगळे झालो तर गाडी कुणाकडे, हे एका पानावर लिहून बँकेच्या पावत्या त्याला टाचल्या. तो दोन दिवस फुगून होता. मामा फोनवर म्हणाला, “फुगू दे. सही केली ना?”