रुग्णवाहिकेसाठी राउटर घेताना आधी बँड पाहा

मेळघाट, गडचिरोली, धडगावसारख्या भागात फिरणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी राउटर घेताना वेगाच्या आकड्याआधी बँडची, म्हणजे राउटर पकडू शकतो त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांची, यादी वाचा. कमी फ्रिक्वेन्सी लांबवर पोचते. म्हणून ७०० (बँड २८), ८५० (बँड ५) आणि ९०० मेगाहर्ट्झ (बँड ८) हवेतच. १८०० (बँड ३) आणि २३०० (बँड ४०) गावाजवळ कामाला येतात. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या मॉडेलात यातला एखादा बँड बऱ्याचदा गाळलेला असतो, तेव्हा स्वस्ताईला भुलू नका.

दोन सिम म्हणजे दोन मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा राउटरमधला भाग) नव्हेत! मोडेम एकच असेल तर एक नेटवर्क सुटल्यावर दुसरं पकडेपर्यंत संपर्क तुटलेलाच राहतो, आणि ईसीजी पाठवताना ते परवडत नाही. बजेट असेल तर दोन मोडेमचाच घ्या, सिम वेगवेगळ्या कंपन्यांची घाला.

सगळ्यात जास्त चुका अँटेनात होतात. पत्र्याच्या गाडीत सीटखाली ठेवलेल्या राउटरला सिग्नल मिळणार कुठून? छतावर मायमो (एकाच वेळी दोन वायरींनी सिग्नल घेणारी) अँटेना बसवा, केबल ३ मीटरच्या आत ठेवा, आणि मोबाइल नेटवर्कच्या दोन्ही वायरी राउटरला जोडा. छत फायबरचं असेल तर ग्राउंड प्लेन (खाली धातूचा पत्रा) न लागणारी अँटेना मागा.

राउटर ९ ते ३६ व्होल्टवर चालणारा हवा, कारण स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं नि साधा राउटर रीस्टार्ट होतो. वीज फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या. इग्निशनची तार वेगळी जोडून बंद होण्याला ३० मिनिटांचा उशीर द्या, म्हणजे इंजिन बंद करून रुग्ण उतरवतानाही नेट चालू राहील.