वेबसाइटची वर्षाची डागडुजी: पाऊस आहे तोवर उरकून घ्या

गोव्यात होमस्टे असो, कॅफे असो की बाइक रेंटल, स्वतःची वेबसाइट असेल तर तिचं वर्षाचं काम जुलैमध्येच काढा. ऑक्टोबरला सीझन लागला की जेवायला फुरसत नसते, आणि चवथीच्या आधीचे दिवस तर सोडूनच द्या.

सुरुवात डोमेनपासून, म्हणजे साइटच्या नावापासून (अमुकअमुक डॉट कॉम). त्याची मुदत कधी संपतेय हे नंतर, आधी कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. आपल्याकडे साइट बहुतेक भाच्याने बनवून दिलेली असते, तो आता दुबईला, आणि रिन्यूअलचे सगळे मेल त्याच्या कॉलेजातल्या जीमेलवर पडून असतात ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करून नाव, ईमेल, मोबाइल स्वतःचं घाला. डॉट कॉमवाल्या रजिस्ट्रारने, म्हणजे त्याच कंपनीने, वर्षातून एकदा 'माहिती तपासा' असा मेल पाठवायचाच असतो, पण तो जाणार नोंदवलेल्या पत्त्यावरच ना! मग ऑटो-रिन्यू चालू करा, तिथलं सेव्ह केलेलं कार्ड जुनं तर नाही ना तेही बघा. डॉट कॉम डिलीट झालं तर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, पुढचे ५ दिवस कुणालाच मिळत नाही, आणि नंतर जो आधी पकडेल त्याचं. आणि हो, 'आजच पैसे भरा' म्हणणाऱ्या मेलमधली लिंक दाबू नका, त्यात खोटे खूप असतात.

मग बॅकअप, म्हणजे अख्ख्या साइटची प्रत, तीही स्वतःच्या हार्ड डिस्कवर. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, डाउनलोड मधेच तुटतो आणि झिप फाइल मात्र फोल्डरात ऐटीत बसलेली दिसते, म्हणून उघडून बघाच.

बॅकअप हातात आला की प्लगिन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) अपडेट करा, न वापरलेले काढून टाका. साइट ज्यावर चालते ती पीएचपी भाषा ७.४ या जुन्या आवृत्तीची असेल तर होस्टिंगवाल्याला (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्याला) सांगून बदला, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) थोड्याच दिवसांचं असतं, आपोआप रिन्यू होतंय ना एवढं बघा.

शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून साइट उघडा, फॉर्म भरून पाठवा, मेल येतो का बघा (स्पॅममध्येही). मागच्या नाताळचे रेट अजून दिसत असतील तर बदला.

डोमेनच्या तारखेआधी दोन महिन्यांचा रिमाइंडर मोबाइलवर लावा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही.