दारात रातांबा लावताय? आधी कलम नीट पारखा

दारातल्या झाडांत रातांब्याला, म्हणजे कोकमाला, तोड नाही. शेंड्याकडे निमुळतं होत गेलेलं, फांद्या खाली झुकलेलं, बारा महिने हिरवं झाड. नवी पालवी फुटली की अख्खं तांबूस दिसतं. मूळचं पश्चिम घाटातलं, त्यामुळे कोकणात, गोव्यात त्याचे फार लाड करावे लागत नाहीत. नारळी-पोफळीच्या सावलीतही जोमाने वाढतं.

मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून शेणखत आणि मातीने भरा. पाऊस चांगला लागला की लावणी करा. दोन झाडांत २० फूट अंतर ठेवा. पाणी तुंबेल अशी जागा नको.

आता कलमाचं. ‘बी टाका, आपोआप येतं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. येतं हे खरं, पण रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ते ओळखता येत नाही. त्यात सात-आठ वर्षं जातात. मी परसात बीच लावलं होतं. आठव्या वर्षी झाड फुलांनी लगडलं, घरात आगळासाठी, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसासाठी, बरण्या धुऊन ठेवल्या, आणि फळ एकही धरलं नाही. फूल उघडून बघितलं तर आत नुसता पुंकेसरांचा झुबका. मादी फुलात मधोमध हिरवा मणी असतो, तो नव्हताच. ते झाड मी तोडलं नाही. परागासाठी दहा मादी झाडांमागे एक नर लागतोच.

म्हणून बियांच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, मादी झाडाची काडी बांधलेलं कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात चांगली. मात्र घेताना विचारा, काडी उभ्या शेंड्याची आहे की आडव्या फांदीची? आडव्या फांदीची असेल तर झाड झुडपासारखं पसरतं. फळं देतं, पण डौल येत नाही. तसं कलम घेतलंच असेल तर पहिल्या वर्षापासून बांबू रोवून शेंडा उभा बांधत जा आणि जमिनीलगतच्या फांद्या काढा.

कलम घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका. माझं पहिलं कलम मीच घालवलं. पावसात सांध्याखालून, म्हणजे काडी आणि खुंट जुळतात त्या जागेच्या खालून, दोन तजेलदार फुटवे आले, झाड जोरात आहे म्हणून मी खूश. दिवाळीपर्यंत वरची काडी वाळून गेली होती आणि उरला होता तो बियांचा खुंट. तेव्हा लावताना सांधा मातीच्या चांगला वर राहील असं बघा आणि पहिली दोन वर्षं दर आठवड्याला खाली बसून, गवत बाजूला करून बुंधा तपासा. सांध्याखाली दिसेल ती फूट कोवळी असतानाच नखाने खुडा. सांधा जुळला की प्लास्टिकची पट्टीही कापा, नाहीतर ती खोडात रुतते.

पहिले दोन उन्हाळे पाणी आणि नारळाच्या झापांची सावली द्या. बाकी काही लागत नाही, फवारणी तर नाहीच.

कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरतं. एप्रिल-मेमध्ये पूर्ण लाल झालेलीच फळं काढा. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवा. अशी चार-पाच पुटं दिली की काळीभोर आमसुलं होतात. हे सगळं मृगाच्या पावसाआधी उरकायला हवं, कारण ओल लागलेलं आमसूल टिकत नाही. बिया टाकू नका, त्यांच्या तेलाने टाचांच्या भेगा भरतात. शेंड्यावरची फळं मात्र काठीने पाडत बसू नका. ती वानरांना राहू द्या. बिया तेच रानात नेतात.