कडा मोडण्याआधी: कपाटाच्या आणि झोक्याच्या कामाची तयारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येण्याआधी माझ्याकडे झोक्याच्या फळीचे काम येते आणि त्याच सुमारास लग्नघरची कपाटेही असतात. दोन्हींत सागाच्या तीक्ष्ण कडा हाताला सुखावतील अशा कराव्या लागतात. त्यासाठी पेटी उघडण्याआधी प्रत्येक कडेवरून एकदा तळहात फिरवून पेन्सिलीने खुणा कराव्यात. जिथे मांडी, पोटरी किंवा हात टेकणार तिथे गोलाईची खूण करावी, जिथे फक्त धार मोडायची तिथे एक रेघ ओढावी आणि जिथे दुसरी फळी सांध्यात बसणार तिथे फुली मारावी, कारण सांध्याची कड चुकून मोडली गेली की तिथे कायमची फट दिसते. उघड्या कडेची धार मात्र थोडी तरी मोडलीच पाहिजे. तीक्ष्ण कडेवर पॉलिशचा ओला थर मागे ओढला जाऊन अगदी पातळ राहतो आणि कपाटाचा रंग पहिल्यांदा तिथेच उडतो.

माझ्या मते यांतल्या बहुतेक कडांना छोटा रंधा पुरतो. त्याच्या पात्याला आदल्या दिवशीच दगडावर धार लावून ठेवावी, कारण सागात सिलिका असते आणि त्यामुळे धार लवकर बोथट होते. धार तपासायची तर सागाच्या तुकड्याच्या टोकाकडचा आडवा भाग छिलून पाहावा: तो चकचकीत निघाला तर पाते तयार आहे, तिथे भुकटी निघाली किंवा तंतू पिंजले तर पुन्हा दगडाकडे जावे. रंधा पंचेचाळीस अंशांत धरून एका कडेवर तीन हात मारले असतील तर समोरच्या कडेवरही मोजून तीनच मारावेत. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ही मोजणी दोन्ही कडा अधिक सारख्या करते. टोकाच्या कडा नेहमी आधी घ्याव्यात, त्याही दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे, आणि लांब कडा नंतर घ्याव्यात. गेल्या वर्षी मी एका झोक्याच्या फळीचे टोक शेवटी घेतले आणि कोपऱ्याची नखाएवढी कपची उडाली. ती जागेवर चिकटवली, तरी पॉलिशखाली तिची रेष दिसतेच. वैशाखात जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सुकलेले लाकूड असेच पटकन तुटते.

राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड कापणारे विजेचे मशीन, मी फक्त मोठ्या गोलाईसाठी काढतो. कपाटाच्या दारांना ३ मिलिमीटर गोलाईचे बिट (त्यात बसवायचे पाते) शोभते, तर झोक्याच्या फळीला ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे लागते. बिट कार्बाइडचे असावे आणि त्याचे बेअरिंग (कडेला टेकून फिरणारे छोटे चाक) बोटाने मोकळे फिरते का ते पाहावे, कारण अडकलेले बेअरिंग लाकडावर काळा पट्टा उठवते. बेअरिंगला टेकायला सपाट जागाही उरली पाहिजे: १८ मिलिमीटरच्या फळीवर ९ मिलिमीटरचे बिट दोन्ही बाजूंनी पूर्ण खोलीपर्यंत चालवायला गेल्यास दुसऱ्या खेपेला त्याला आधारच राहत नाही. खोली दोन खेपांत घ्यावी, मशीन फळीच्या बाहेरच्या कडेभोवती घड्याळाच्या उलट दिशेने न्यावे आणि कुठेही थांबू नये, कारण साग तिथे लगेच करपतो. त्याच लाकडाचा एक तुकडा चाचणीसाठी बाजूला ठेवावा, बिट बदलताना प्लग काढावा आणि सागाची धूळ नाकाला व कातडीला त्रास देते म्हणून मास्क व चष्मा जवळ ठेवावा.

प्लायवूडच्या कामात रंधा आणि राऊटर दोन्ही जपून वापरावेत. वरचा पापुद्रा इतका पातळ असतो की थोडी जास्त गोलाई दिली तरी खालचा थर उघडा पडतो. म्हणून कडेला सागाची पट्टी आधी लावून मग तीच गोल करावी. सनमायकाच्या कडेला बारीक कानस पुरते, मात्र तिचा दाब फळीच्या दिशेने असावा, नाहीतर कड उखडते.

शेवटी पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० नंबरचे, हातात मावतील असे फाडून ठेवावेत. सागाच्या तेलाने ते लवकर भरतात, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट असू द्यावेत. सोबत जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा ठेवावा. घासून झाल्यावर तो प्रत्येक कडेवरून हलकेच ओढावा, आणि धागा जिथे अडकेल तिथे २२०चा कागद पुन्हा फिरवावा.