फ्रेंच खाद्यजाहिराती इंग्रजीत आणताना : माझा अनुभव

एका फ्रेंच खाद्यकंपनीचं माहितीपत्रक इंग्रजीत आणायचं काम आलं. आधीचं भाषांतर शब्दाला शब्द होतं, वाचवत नव्हतं. मोहरीच्या बरणीवर 'आ लान्सिएन' होतं, त्याचं 'जुन्या पद्धतीची मोहरी' झालेलं. इंग्लंडमधलं गिऱ्हाईक तीच मोहरी 'होलग्रेन मस्टर्ड' म्हणून मागतं, कारण तिच्यात दाणे अख्खे दिसतात. तेच घातलं.

खरी अडचण 'गुर्माँ' (चवीनं खावंसं वाटणारं) या शब्दाची. फ्रेंच मंडळी बिस्किटापासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्याला तो लावतात, अगदी प्रेमानं. इंग्रजीत मात्र तोच शब्द खादाड माणसाला चिकटलाय. म्हणून दरवेळी आधी पाहिलं, विकायचंय काय? चॉकलेट असेल तर 'इंडल्जंट' (चैनीचं), जाडसर सूप असेल तर 'हार्टी' (पोटभरीचं). 'ऑन्क्तुअ' म्हणजे मऊ, दाट दह्याला सरळ 'क्रीमी'. त्याचाच इंग्रजी भाऊ 'अंक्च्युअस' म्हटलं की इंग्रजाला गोडगोड बोलणारा ढोंगी आठवतो.

रोकफोर, कोंते ही चीजची नावं तशीच ठेवली. रोकफोरला तर १९२५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. 'आओपे' म्हणजे पदार्थाचं नाव त्याच्या मूळ प्रदेशापुरतं राखून ठेवणारा शिक्का; त्याचं इंग्रजीत 'पीडीओ' केलं, ते अधिकृतच रूप.

विशेषणं निम्मी गाळली. फ्रेंचमध्ये ती ओळीनं शोभतात, इंग्रजीत विक्रेता फार गळ घालतोय असं वाटतं. कंपनीनं नवा मजकूर जसाच्या तसा छापला.